श्रांत नेमबाजाचे आसन आणि आपली चिकित्सा

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या त्रिआसन प्रकारात कांस्यपदक मिळविल्यानंतर नेमबाजी शिकणारी मुले आमच्याकडेही अधिक येऊ लागली. तक्रार बहुधा एकच : सरावाच्या शेवटी हात थरथरतो, काही बलवर्धक द्यावे.

या प्रकारात प्रथम गुडघ्यावर बसून, नंतर पालथे पडून व अखेरीस उभे राहून नेम साधावयाचा असतो; म्हणजे शरीर श्रांत झाल्यावरच सर्वांत अस्थिर आसन वाट्याला येते. उभ्या आसनात उजव्या हाताच्या नेमबाजाचे डावे कोपर कटीच्या अस्थीवर टेकून रायफलचा भार पायांवर उतरावा लागतो. थकलेल्याचे कोपर नकळत सुटते, खांदा वर चढतो आणि अस्थींचे काम मांसपेशींवर पडते. कंपाचे एक मोठे मूळ येथे आहे. तो बळाने दाबू गेल्यास वाढतोच.

अशा वेळी रायफल खाली घेऊन पुन्हा पावलांपासून आसन रचावे. डोळे मिटून एक-दोन श्वास घ्यावेत व उघडून पाहावे. नेम सरकला असल्यास हाताने न ओढता पावले हलवावीत. उच्छ्वासानंतरच्या अल्प विरामात चाप ओढला गेला नाही, तर ती गोळी सोडून द्यावी. स्पर्धेचे घड्याळ चालू असता हे मुलांना फार जड जाते, म्हणून त्याचाही सराव हवा.

व्यायाम बलार्धापर्यंत, हा नियम येथेही लागू आहे. मात्र जाड जाकिटामुळे घाम लवकर येतो, तेव्हा स्वेदावर विसंबू नये. कोपर वारंवार सुटू लागणे हेच लक्षण मानावे.

औषधाविषयी आमचे मत स्पष्ट आहे. चरकोक्त श्रमहर गणातील द्राक्षा, खर्जूर, दाडिम आहारातूनच द्यावीत. अग्नितुंडी वटी किंवा विषतिंदुक वटी स्पर्धक नेमबाजास देऊ नये : कुचल्यातील स्ट्रिक्नीन स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. थरथर थांबविण्यासाठी कोणी बीटा ब्लॉकर मागितल्यास औषध विक्रेत्यांनी अधिक सावध व्हावे. नेमबाजीत ते सरावकाळातही वर्ज्य आहे. घटकद्रव्यांची पूर्ण यादी नसलेले चूर्णही देऊ नये. नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळल्यास, ते कोणी दिले याचा विचार न होता, प्रथम उत्तरदायी खेळाडूच ठरतो.