अर्ज कोणत्या खात्यात?

वाघोली २०२१ साली पुणे महापालिकेत आली. तिथल्या तक्रारअर्जांची वाटणी यंत्राने करायची ठरवली तर? थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या, १७६३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या निबंधावर उभी असलेली एक सोपी रीत आहे. माणसांनी लावलेल्या जुन्या अर्जांत कोणता शब्द कोणत्या खात्यात किती वेळा आला, ते मोजायचे. मग नव्या अर्जातील शब्दांच्या संभाव्यता आणि त्या खात्याकडे येणाऱ्या अर्जांचे प्रमाण यांचा गुणाकार करायचा. ज्याचा मोठा, तिकडे अर्ज. अनोळखी शब्दाने सारेच शून्य होऊ नये, म्हणून प्रत्येक मोजणीत एक मिळवायचा.

मात्र शब्दांचा क्रम यंत्राच्या हिशेबात नाही. ‘नळाला पाणी नाही, रस्त्यावर आहे’ आणि ‘नळाला पाणी आहे, रस्त्यावर नाही’ ही त्याला एकच. पहिल्यात गाऱ्हाणे आहे, दुसऱ्यात समाधान. म्हणून अर्जावर शेवटची नजर माणसाचीच हवी.