छत्रीला रंगाचे चिलखत

लालबागच्या चाळींच्या गच्च्यांवर उपग्रहाचे संदेश टिपणाऱ्या डिश, म्हणजे आपल्या ‘छत्र्या’, तुम्ही पाहिल्या असतील. समुद्रावरून येणारा खारा, दमट वारा हा त्यांचा शत्रू. लोखंडाला पाणी आणि ऑक्सिजन मिळाले की गंज चढतो. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया फार वेगाने होते.

मग छत्री रंगवली तर संदेश अडतील का? नाही. १२ गिगाहर्ट्‌झच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटर असते. रंगाचा पातळ थर त्या सहज ओलांडतात आणि आतील पत्र्यावरून परावर्तित होतात. पत्र्याला पोचा आला, तर मात्र त्या नाभीत नीट एकवटत नाहीत.

रंग चकचकीत मात्र नको. मार्चमध्ये व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस सूर्य थोडा वेळ उपग्रहाच्या मागे येतो. तेव्हा चकचकीत छत्री अंतर्गोल आरशासारखी ऊन एकवटून नाभीतील ग्राहक तापवते. मंद रंग ऊन विखुरतो.

रंगवण्यापूर्वी गंज तारेच्या ब्रशने खरवडावा, मीठ गोड्या पाण्याने धुवावे, पत्रा पूर्ण वाळवावा. उघड्या लोखंडावर जस्तयुक्त प्रायमर द्यावा. जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. त्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. ग्राहकाच्या तोंडाला रंग लावू नये.

सर्वांत आधी पाहावेत ते पायाचे बोल्ट. ते गंजून तुटले, तर वादळात छत्री थेट खालच्या गर्दीत कोसळेल. म्हणून गच्चीच्या कडेचे हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

तुम्ही घरी एक खिळा साध्या पाण्यात आणि एक मिठाच्या पाण्यात अर्धवट बुडवून ठेवा. आठवड्याने काय दिसते?