शिडाच्या होडीची शिडी

शिडाची होडी घ्यायला निघालेला माणूस आधी शीड पाहतो. मग डोलकाठी, दोर, नांगर आणि हल्ली जीपीएस. शिडीची पाळी येते सगळ्यात शेवटी, आणि तीही तो होडीवर उभा राहून वरून पाहतो. मला आज जे सांगायचे आहे ते एवढेच, की शिडी ही वरून पाहून निवडण्याची वस्तू नाही. पाण्यात उतरावे, गळ्यापर्यंत बुडून वर होडीकडे पाहावे आणि मग शिडी निवडावी. कारण ज्याला तिची खरी गरज पडणार आहे तो माणूस त्या वेळी तिथेच असणार आहे.

मी गेली पंचवीस वर्षे मुंबई बंदरात लहान शिडाच्या होड्या चालवतो आणि हौशी मंडळींना शिकवतो. परदेशातल्या पुष्कळ बंदरांत अशा होड्या तरंगत्या धक्क्याला लागून उभ्या असतात. पाय उचलला की माणूस होडीवर. आपल्याकडे तसे नाही. गेटवेसमोर उभे राहून पाहा, होड्या बोयांना बांधलेल्या, पाण्यात मधोमध डुलत असतात. मोठ्या उधाणाला इथे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. तेव्हा धक्क्यावरून छोट्या होडक्यात बसायचे, मोठ्या होडीपाशी जायचे आणि तिथून वर चढायचे, असा शिरस्ता. साहजिकच शिडीचे काम म्हणजे होडक्यातून होडीवर जाणे, अशी समजूत होऊन बसते. त्या कामाला पाण्याच्या पातळीपर्यंत पोचणारी तीन पायऱ्यांची शिडी पुरते. दुकानदारही हेच विचारतो, ‘काठापासून पाण्यापर्यंत किती फूट?’ पाण्याखाली किती फूट, हे विचारणारा दुकानदार मला अजून भेटायचा आहे.

पोहण्याच्या तलावात काठावर दोन्ही हात टेकून झटक्यात अंग वर घेणारे पुष्कळ असतात. त्यांना वाटते, होडीवर चढायला शिडी कशाला? पण तलावाचा काठ पाण्यापासून जेमतेम चार-सहा इंच उंच असतो, भिंत सरळ असते आणि मुख्य म्हणजे ती हलत नाही. पंचवीस-तीस फुटी शिडाच्या होडीचा काठ पाण्यापासून अडीच-तीन फूट वर असतो. शिवाय होडीचे पोट खाली आतल्या बाजूला वळत गेलेले. तुम्ही काठ धरून अंग उचलायला जाता आणि पाय होडीच्या पोटाखाली शिरतात. माणूस पाठीवर उताणा होऊन नुसता हातांवर लोंबकळतो.

दुसरी गोष्ट वजनाची. पाण्यात असेपर्यंत सत्तर किलोच्या माणसाला आपले वजन जाणवत नाही, कारण ते पाण्याने पेललेले असते. छाती बाहेर आली की ते वजन परत यायला लागते, कंबर बाहेर आली की बरेचसे आलेले असते. त्यात भिजलेल्या कपड्यांत भरलेले पाणी, आणि छातीवरचे लाइफ जॅकेट. हे जॅकेट तरंगताना जीव वाचवते, पण चढताना काठ आणि पोट यांच्यामध्ये गाठोड्यासारखे येते. एवढे वजन उचलणे हे हातांचे काम नाही, ते मांड्यांचे काम आहे. आणि मांड्यांना काम करायचे तर तळपायाखाली पायरी पाहिजे.

ती पायरी किती खोल असावी? पायऱ्या नसलेल्या ट्रकच्या हौद्यात चढून पाहिलेल्याला हे चटकन कळेल. गुडघा छातीशी आणून टाकलेल्या पायावर अंग उचलता येत नाही. पाण्यात तर जमिनीवर टेकलेला दुसरा पायही नसतो. अमेरिकेत होड्या बांधणाऱ्यांसाठी जी मानके आहेत त्यांत सगळ्यात खालची पायरी पाण्याखाली किमान २२ इंच, म्हणजे साधारण ५६ सेंटिमीटर असावी असे म्हटले आहे. माझ्या मते हे कमीत कमी झाले. आपल्याकडे होडीवर आजोबाही येतात आणि दहा वर्षांची नातही येते. तेव्हा पाण्याखाली तीन पायऱ्या असू द्याव्यात, एकेका फुटापेक्षा जास्त अंतराने नकोत.

काही वर्षांपूर्वी मांडव्याजवळ एका परिचितांच्या होडीवर मी पाहुणा म्हणून गेलो होतो. नांगर टाकलेला, समुद्र अगदी ताटात पाणी ठेवावे तसा. पन्नाशीचे एक गृहस्थ काठावरून वाकताना पाण्यात पडले. पोहणारे होते, लाइफ जॅकेट अंगात होते, शिडीही होती. घाबरण्यासारखे काही नाही म्हणून सुरुवातीला सगळे हसलेच. पण शिडीची शेवटची पायरी बरोबर पाण्याच्या पातळीवर होती. गृहस्थांचा पाय तिथवर येईना. आम्ही चौघे वर होतो. दोघांनी दंड धरले, एकाने जॅकेटचा पट्टा धरला. ते अर्धे वर येत आणि हात सुटून पुन्हा खाली जात. तिसऱ्या खेपेनंतर त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि ते बोलेनासे झाले. ओहोटीचा ओढ सुरू झाला होता. शेवटी एका दोराचे टोक काठावरच्या क्लीटला बांधले, दोराला मोठा फास करून तो पाण्यात तीन फूट खाली सोडला आणि त्यात त्यांना पाय घालायला लावला. त्या रिकिबीवर उभे राहिले आणि एका दमात शिडीवर आले. हे सगळे होईपर्यंत वीस मिनिटे गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना खांद्याच्या वर हात नेता येत नव्हता.

मुंबईचे पाणी कोमट असते, थंडीने माणूस पटकन गारठत नाही, हे खरे. पण दमणूक सगळीकडे सारखीच. पहिल्या प्रयत्नात अंगात जेवढी ताकद असते तेवढी दुसऱ्यात नसते. आणि हात सुटले तर ओढ थांबत नाही. दोन नॉट वेगाचा प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे एक मीटर. ऐकायला किरकोळ वाटते, पण साधारण पोहणाऱ्याला त्याच्याविरुद्ध होडी गाठता येत नाही.

आता समजा होडीवर कोणीच नाही. २००६ साली ‘ओपन वॉटर २ : अड्रिफ्ट’ नावाचा एक चित्रपट आला होता. मित्रमैत्रिणींचे टोळके भर समुद्रात होडीवरून उड्या मारते आणि मग लक्षात येते, की शिडी सोडायची राहिली. गोष्ट रचलेली आहे, पण बोयाला बांधलेल्या होड्या पाहत फिरलात तर निम्म्या होड्यांवर ती घडू शकेल असे दिसेल. शिडी दुमडून वर केलेली आणि खडखडू नये म्हणून नायलॉनच्या दोरीने दोन-दोन गाठी मारून करकचून बांधलेली! पाण्यातल्या माणसाच्या दृष्टीने ही शिडी नाहीच. युरोपीय संघाने २०१३ च्या नियमांत या मुद्द्यावर बोट ठेवले आहे: पाण्यात असलेल्या माणसाला कोणाच्या मदतीशिवाय शिडी हाताशी आली पाहिजे किंवा खाली सोडता आली पाहिजे. त्यासाठी फार काही लागत नाही. शिडी एका सरकगाठीने बांधावी आणि त्या दोरीचे मोकळे टोक पाण्यापासून वीतभर उंचीवर लोंबत ठेवावे. ओढले की गाठ सुटावी आणि शिडी आपल्या वजनाने खाली यावी. खाली येताना ती डोक्यात बसू नये म्हणून दोरी शिडीच्या एका बाजूला हवी.

शिडी मागे लावावी की बाजूला, यावर होडीवाल्यांत बराच वाद चालतो. ज्या होडीची पिछाडी सपाट आणि पाण्यालगत आहे तिला मागेच उत्तम. पण पिछाडी पाण्यावर लांब आलेली असेल तर लाटांत ती दोन-तीन फूट वर उचलली जाते आणि घणासारखी खाली येते. तिच्याखाली सापडलेल्या माणसाला शिडीपेक्षा तिथून दूर राहणे बरे. अशा होडीला मधल्या भागात, बाजूला अडकवायची शिडी चांगली, कारण होडीचा मध्य सगळ्यात कमी वरखाली होतो. मागच्या शिडीशेजारी इंजिनाचा पंखा असतो हेही विसरू नये. माणूस शिडीपाशी आला की इंजिन बंद. नुसते गिअरमधून काढून भागत नाही, कोणाचा तरी गुडघा लिव्हरला लागतोच. अगदी लहान, दोघातिघांच्या होडीला शिडी लावूच नये. तिच्यावर बाजूने चढलात तर तीच उलटेल. मागून पोटावर सरपटत चढावे, आणि मघाशी सांगितली तशी दोराची रिकीब कायमची बांधून ठेवावी.

दोराची शिडी स्वस्त, घडी करून पिशवीत मावते, म्हणून पुष्कळांना आवडते. बंदरातले पायलट मोठ्या जहाजांवर दोराच्या शिडीनेच चढतात, असे मला नेहमी ऐकवले जाते. चढतात, पण जहाजाची बाजू उभ्या भिंतीसारखी सरळ असते, शिडी तिला टेकून राहते, तिला लाकडी पायऱ्या असतात आणि पीळ बसू नये म्हणून मध्येमध्ये लांब फळ्याही. आपल्या होडीच्या वळलेल्या पोटावर दोराची शिडी पाय ठेवताच आत सरकते आणि माणूस पुन्हा उताणा. नाइलाजाने वापरायचीच असेल तर खालच्या पायरीला वजन बांधावे आणि एक पाय शिडीच्या मागून, टाचेकडून पायरीत घालावा. मग अंग शिडीशी चिकटून राहते. तरी माझे मत असे, की दोराची शिडी ही जोडीला ठेवावी, एकमेव म्हणून नव्हे.

ताठ शिडी घेतलीत तर पायरी गोल नळीची नको. एक इंची नळीवर अनवाणी उभे राहून पाहा, तळव्याच्या कमानीतून कळ निघते. दोन इंच तरी रुंद, खरखरीत, सपाट पायरी हवी. शिडीच्या उभ्या नळ्या काठाच्या वर हातभर आल्या पाहिजेत, नाहीतर कंबर काठाशी आल्यावर धरायला काही उरत नाही आणि माणूस तिथेच अडकतो. स्टेनलेस स्टील म्हटले की झाले, असेही नाही. बाजारात बहुधा ३०४ प्रतीचे मिळते. खाऱ्या पाण्यात त्यावर लवकर तपकिरी ठिपके पडतात. ३१६ प्रतीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि ते खाऱ्या पाण्याला अधिक टिकते. चुंबक लावून पाहण्याचा उपाय इथे कामाचा नाही. दोन्हींना ते सहसा चिकटत नाही. बिलावर प्रत लिहून घ्यावी. शिडी स्क्रूंनी बसवू देऊ नये. आरपार बोल्ट आणि आतून जाड पट्टी हवी. लाटेत होडी उचलली गेली की शिडीवरच्या माणसाचा भार क्षणभर वजनाच्या कितीतरी पट वाढतो.

बेशुद्ध माणसाला शिडीचा उपयोग नाही. त्याला शीड चढवण्याच्या दोराने आणि विंचने उचलावे लागते, आणि बराच वेळ पाण्यात राहिलेल्याला शक्य तितके आडवे. उभा उचलला तर रक्तदाब एकदम खाली येण्याचा धोका असतो. तो स्वतंत्र विषय आहे.

पावसाळा संपून होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या, की आमच्या वर्गात पहिल्या रविवारी एक परीक्षा असते. भरती पुरी होऊन पाणी थबकले, की एकेकाने अंगभर कपडे आणि लाइफ जॅकेट घालून पाण्यात उतरायचे. शिडी वर दुमडलेली, इंजिन बंद, मागे एक लांब तरंगता दोर सोडलेला. होडीवरच्यांनी हाताची घडी घालून गप्प बसायचे. पाण्यातल्याने शिडी स्वतः सोडायची आणि स्वतः वर यायचे. दरवर्षी दोघे-तिघे तरी अडतात, आणि अडणारे बहुतेक वेळा दणकट पुरुषच असतात, कारण ते आधी हातांनीच प्रयत्न करतात. जो अडतो त्याच्या पायाला नेमकी किती खोलीवर पायरी लागते ते तिथेच मोजतो, आणि तो आकडा घेऊन सोमवारी फॅब्रिकेटरकडे जातो.