ज्येष्ठांचा संगणक आणि लिनक्स मिंट
मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.०, म्हणजे सांकेतिक किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा-चिप, अनिवार्य असल्यामुळे अनेक ज्येष्ठांचे धडधाकट संगणक अकारण मोडीत निघू लागले. अशा यंत्रांसाठी लिनक्स मिंट ही २००६ पासून उपलब्ध असलेली मोफत कार्यप्रणाली, म्हणजे संगणकाचा सारा कारभार चालवणारी मूळ आज्ञावली, सर्वांत सोयीची म्हणावी लागेल. कारण तिच्या सिनॅमन या रूपात मेनूचे बटण खाली डाव्या कोपऱ्यात आणि घड्याळ उजवीकडे, म्हणजे हाताला सवय झालेल्या जागीच सापडते. हार्ड डिस्कला धक्का न लावता ती पेनड्राइव्हवरून नुसती चालवून पाहता येते आणि प्रिंटर व वायफाय चालतात की नाही, हे त्या चाचणीतच कळते. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट कळफलकही जोडता येतो. खरी अडचण यंत्राची नसून सवयीची असते: ज्येष्ठांना प्रणालीच्या नावाशी देणेघेणे नसते, नातवंडांचे फोटो आणि बँकेचे पान कुठे उघडते एवढेच त्यांना हवे असते, म्हणून या दोन्हींची चिन्हे डेस्कटॉपवर ठळक मांडून द्यावीत. स्थापनेत जुनी डिस्क पुसली जाऊ शकते, त्यामुळे सर्व फाइलींची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.