दुरुस्ती पुढच्या यानात होते

चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख इ. स. १२०७ चा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी इथं मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं, हे त्यावर कोरलेलं आहे. ७ जून १९७९ रोजी भारताचा दुसरा उपग्रह सोव्हिएत रॉकेटवरून वर गेला तो ‘भास्कर’ हेच नाव घेऊन.

त्याचे टीव्ही कॅमेरे मात्र सुरू करता येईनात. उच्च व्होल्टेजच्या भागात ठिणग्या पडण्याची अडचण होती. नेहमीच्या हवेत अशी ठिणगी सहसा पडत नाही, पूर्ण निर्वातातही नाही. मधल्या विरळ वायूत मात्र ती चटकन पडते. पाचशे किलोमीटर उंचीवर पान्हा कोण चालवणार? अडकलेला वायू निघून जाण्याची वाट पाहावी लागली. मे १९८० मध्ये एक कॅमेरा चालू झाला.

उपग्रह जुळणीच्या स्वच्छ खोलीत काम करताना या वायूचा धाक मला रोज वाटे. डिंक, रंग, तारेवरचं प्लॅस्टिक, सगळ्यातून निर्वातात वायू सुटतो. म्हणून सुटे भाग आधी निर्वातात तापवून घेतात. टोपी, मास्क, मनगटाला अर्थिंगचा पट्टा. बोटावरची स्थिर वीजसुद्धा सर्किट जाळू शकते. प्रत्येक स्क्रू ठरलेल्या जोरानंच आवळायचा, आवळणाऱ्यानं सही करायची, पाहणाऱ्यानं दुसरी. शेवटी हत्यारं मोजायची. एक कमी भरलं तर ते सापडेपर्यंत काम बंद. मग थर्मोव्हॅक: मोठ्या टाकीतली हवा काढून यानाला आळीपाळीनं तापवायचं, गारठवायचं. इथं बिघाड निघाला तर सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, कारण इथं हात पोहोचतो.

उड्डाणानंतर उरतात त्या नोंदी. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चं चंद्रावर उतरणारं यान ‘विक्रम’ कोसळलं. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त भरला होता आणि उतरायची जागा जेमतेम ५०० मीटर लांबरुंद होती. चांद्रयान-३ मध्ये पाचाऐवजी चार इंजिनं आली, पाय भक्कम झाले, इंधन वाढलं, वेग मोजणारं लेझर उपकरण बसलं, उतरायला ४ बाय २.४ किलोमीटरचा पट्टा मिळाला. संवेदक हेलिकॉप्टरवर तपासले, पाय चंद्रासारख्या मातीवर आपटून पाहिले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते उतरलं.

पहिल्या ‘विक्रम’ची दुरुस्ती झाली ती अशी, दुसऱ्या यानात. त्यासाठी हरलेल्या दिवसाचा प्रत्येक आकडा कुणीतरी खरा लिहून ठेवावा लागतो आणि मागून येणाऱ्याला तो शिकवावा लागतो. या कामातली सर्वांत मोलाची सही मला त्या कागदावरची वाटते.