‘स्वप्नदोष’ सर्च केलं की चूर्णाची जाहिरात का येते?

घरचे झोपल्यावर चौदा वर्षांचा मुलगा ब्राइटनेस कमी करतो आणि ‘स्वप्नदोष’ टाइप करतो. समोर येतं काय? ‘अशक्तपणा’, ‘लग्नानंतर पस्तावाल’ आणि व्हॉट्सॲपवर मागवायचं चूर्ण. खरं उत्तर एका ओळीचं आहे. वयात येताना झोपेत वीर्यस्खलन होणं नैसर्गिक आहे, त्याला औषध लागत नाही. घोळ त्या ‘दोष’ शब्दातच आहे.

पण ‘औषध लागत नाही’ म्हणणाऱ्याकडे विकायला काही नसतं, घाबरवणाऱ्याकडे असतं. त्यात असा एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की ॲप तसेच आणखी दाखवतं. लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या दिसतात.

मुलींच्या सर्चमध्येही भीती असतेच. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होऊ शकते. या वयात २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. तीन महिने आलीच नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं.

हे शाळेत का कळत नाही? २००७ मध्ये विरोधानंतर महाराष्ट्राने शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला होता. वाद त्याहून जुना. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर १९३४ मध्ये खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

इनकॉग्निटोमध्ये शोधलं तर कुणालाच कळत नाही?
असं नाही. फक्त फोनमध्ये हिस्ट्री राहत नाही. कुठली साइट उघडली, हे वायफाय देणाऱ्याला किंवा मोबाइल कंपनीला दिसू शकतं.

मग विचारायचं कुणाला?
१० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक असतात. तिथे समुपदेशक भेटतो, सल्ला मोफत मिळतो.

तिथलं बोलणं गुप्त राहतं?
शरीराबद्दलच्या शंका, हो. पण १८ वर्षांखालच्या व्यक्तीशी शरीरसंबंध आल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावं लागतं, संमती असली तरी. म्हणूनच अनेक मुली गर्भपातासाठीही डॉक्टरकडे जायला घाबरतात. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये थोडी वाट काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना तिचं नाव सांगण्याची गरज नाही.

कुणी जबरदस्ती करत असेल किंवा फोटोवरून धमकावत असेल, तर १०९८ वर कधीही फोन करता येतो.