होस्टची लाईट गेली तर सभा कोणाच्या हातात? ऑनलाइन मीटिंगमधला ‘को-होस्ट’ समजून घ्या

रात्री साडेआठची वेळ. शाळेच्या दुरुस्तीसाठी वर्गणी काढायची म्हणून गावातली मंडळी आणि पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली पोरं झूमवर जमलेली. हिशेबाचा कागद स्क्रीनवर दिसतोय. आता आकडा ठरणार, एवढ्यात गावात लाईट जाते. वायफाय बंद. ज्याने मीटिंग सुरू केली तोच बाहेर फेकला जातो. मागे राहिले तीस-पस्तीस जण. कोणाच्या घरात टीव्ही चालू, कोणाचं लेकरू रडतंय, पण आवाज बंद करणारं कोणी नाही. उशिरा आलेले दाराशी ताटकळलेले, त्यांना आत घेणारं कोणी नाही. एकेक जण निघून जातो आणि वर्गणीचा विषय पुढच्या महिन्यावर ढकलला जातो.

हे चित्र अनेकांना ओळखीचं वाटेल. बचत गटाचं प्रशिक्षण असो, शेतकरी उत्पादक कंपनीची बैठक असो की पालकसभा, ऑनलाइन मीटिंग आता तालुक्या-तालुक्यात होतात. लिंक पाठवायला सगळे शिकले. पण सगळी जबाबदारी एकाच माणसाच्या मोबाईलवर ठेवायची सवय काही सुटलेली नाही. गावजेवणाची पंगत एकटा माणूस वाढतो का? मग तीस-चाळीस जणांची मीटिंग एकट्याने का सांभाळायची?

होस्ट, को-होस्ट आणि सहभागी

ज्याच्या खात्यावरून मीटिंग सुरू होते तो होस्ट, म्हणजे यजमान. कोणाला आत घ्यायचं, कोणाचा माईक बंद करायचा, स्क्रीन कोण दाखवणार, रेकॉर्डिंग कोण करणार आणि मीटिंग कधी संपवायची, हे सगळे हक्क त्याच्याकडे असतात.

को-होस्ट म्हणजे त्याचा जोडीदार. तो माईक बंद करू शकतो, वेटिंग रूममध्ये थांबलेल्यांना आत घेऊ शकतो, गोंधळ घालणाऱ्याला बाहेर काढू शकतो. पण झूममध्ये को-होस्टला सगळ्यांसाठी मीटिंग संपवता येत नाही आणि आणखी कोणाला को-होस्टही करता येत नाही. त्या चाव्या होस्टकडेच राहतात.

बाकीचे सगळे सहभागी. होस्टने जेवढी परवानगी दिली तेवढंच त्यांना करता येतं.

को-होस्ट कसा करायचा?

झूममध्ये मीटिंग सुरू असताना ‘पार्टिसिपंट्स’ उघडा. ज्याला जबाबदारी द्यायची त्याच्या नावावर जाऊन ‘मेक को-होस्ट’ निवडा. झालं काम. होस्टचं नेट तुटलं आणि को-होस्ट आत असेल तर सूत्रं त्याच्याकडे जातात, मीटिंग चालू राहते. को-होस्टच नसेल तर सूत्रं कोणाकडे जातील यावर आपला ताबा राहत नाही.

मोफत खात्यात को-होस्टचा पर्याय दिसला नाही तर ‘मेक होस्ट’ वापरा. यात होस्टपद पूर्णपणे दुसऱ्याकडे जातं, म्हणून माणूस भरवशाचा हवा. मूळ होस्टला ते ‘रिक्लेम होस्ट’ दाबून परत घेता येतं. मोफत झूमची मीटिंग 40 मिनिटांत बंद पडते, हेही धरून चाला. महत्त्वाचा निर्णय शेवटच्या पाच मिनिटांवर ठेवू नका.

गुगल मीटमध्येही ‘होस्ट मॅनेजमेंट’ नावाची सोय आहे. त्यातून चॅट, माईक आणि स्क्रीन दाखवण्याची परवानगी चालू-बंद करता येते. खात्याच्या प्रकारानुसार पर्याय कमी-जास्त असतात, त्यामुळे सभेच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून एकदा तपासून घ्या.

जोडीदार निवडताना एक गोष्ट पाहा

होस्ट आणि को-होस्ट एकाच घरात, एकाच वायफायवर बसले तर उपयोग शून्य. लाईट गेली की दोघंही एकदमच बाहेर! म्हणून एक जण गावात असेल तर दुसरा तालुक्याच्या ठिकाणी किंवा शहरात असू द्या. तेही जमत नसेल तर निदान दोघांची सिमकार्डं वेगवेगळ्या कंपनीची असावीत आणि दोन्ही मोबाईल पूर्ण चार्ज असावेत.

कामंही आधीच वाटून घ्या. एकाने दार सांभाळायचं, म्हणजे वेटिंग रूम. दुसऱ्याने माईक आणि वर केलेले हात पाहायचे. रेकॉर्डिंग हवं असेल तर ते काम संगणकावर बसलेल्या माणसाकडे द्या. मोफत झूमवर मोबाईलमधून रेकॉर्डिंग होत नाही, हे कित्येकांना सभा संपल्यावरच कळतं.

परवानगी द्या, पासवर्ड देऊ नका

कित्येक ठिकाणी सोपा मार्ग म्हणून खात्याचा ईमेल आणि पासवर्डच चार जणांना देऊन टाकतात. हे टाळा. पासवर्ड दिला म्हणजे सगळं खातंच हातात दिलं. को-होस्टपद मात्र त्या मीटिंगपुरतं असतं आणि वाटलं तेव्हा काढून घेता येतं.

झूममध्ये ‘होस्ट की’ नावाचा आकडी क्रमांकही असतो. मीटिंगमध्ये असलेल्या माणसाने ‘क्लेम होस्ट’ दाबून हा क्रमांक टाकला की तो होस्ट होतो. होस्ट वेळेवर परत येऊ शकला नाही तर ही चावी कामाला येते. पण ती एका विश्वासू माणसाकडेच असावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली तर घराची किल्ली पारावर टांगून ठेवल्यासारखं होईल.

स्क्रीन दाखवण्याची परवानगीही सरसकट सगळ्यांना देऊ नका. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अनोळखी लोक मीटिंगमध्ये घुसून नको ते व्हिडिओ दाखवायचे, असे प्रकार जगभर घडले. त्यानंतर झूमने 5 एप्रिल 2020 पासून मोफत खात्यांसाठी पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली. त्याच महिन्यात, 16 एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्रानेही सूचना काढल्या. वेटिंग रूम चालू ठेवा, स्क्रीन फक्त होस्टला दाखवू द्या, सगळे आले की मीटिंगला कुलूप लावा, असा त्याचा सूर होता. शाळेच्या वर्गाला आणि महिला गटांच्या बैठकीला हे आजही तितकंच लागू आहे.

होस्ट म्हणजे अध्यक्ष नव्हे

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. गावात मीटिंग सुरू करून देणारा बहुतेक वेळा एखादा तरुण असतो, कारण त्याला मोबाईल कळतो. पण माईक बंद करण्याचं बटण त्याच्या हातात आलं म्हणजे कोणी बोलायचं हे ठरवण्याचा हक्क त्याला मिळाला, असं होत नाही. हिशेबावर प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा माईक ‘चुकून’ बंद झाला, तर त्या सभेवर कोणाचा विश्वास राहील? प्रत्यक्ष सभेत एखाद्याला गप्प बसवलं तर चार लोक बघतात. ऑनलाइन मात्र नेट गेलं असेल असं म्हणून विषय संपतो.

म्हणून सुरुवातीलाच जाहीर करा: अध्यक्ष कोण, होस्ट कोण, को-होस्ट कोण. बोलण्याची पाळी अध्यक्षांनी द्यायची, होस्टने फक्त बटण दाबायचं. होस्ट दुसऱ्याचा माईक बंद करू शकतो, पण सहसा तो परस्पर चालू करू शकत नाही, फक्त चालू करायची विनंती पाठवतो. तेव्हा वयस्कर मंडळींना ‘अनम्यूट’ कुठे दाबायचं हे आधीच दाखवून ठेवा.

कोणाला बाहेर काढायची वेळ आली तर घाई नको. झूममध्ये ‘रिमूव्ह’ केलेला माणूस सेटिंग बदलल्याशिवाय त्या मीटिंगमध्ये परत येऊ शकत नाही. खात्री नसेल तर आधी वेटिंग रूममध्ये पाठवा, फोन करून ओळख पटवा आणि मग ठरवा.

निघताना हे विसरू नका

होस्टला मध्येच उठावं लागलं तर ‘एंड मीटिंग फॉर ऑल’ दाबू नका, त्याने सगळ्यांचीच मीटिंग बंद होते. ‘लीव्ह मीटिंग’ दाबा आणि विचारलं की जोडीदाराचं नाव निवडून त्याला होस्ट करा. सभा खरंच संपली असेल तेव्हा मात्र सगळ्यांसाठी बंद करा. नाहीतर मागे उरलेल्यांच्या गप्पा चालू राहतात आणि सूत्रं कोणाच्या हाती आहेत हे कोणालाच ठाऊक नसतं.

पुढची मीटिंग ठरवाल तेव्हा लिंकच्या खाली आणखी दोन ओळी लिहा: होस्ट अमुक, को-होस्ट तमुक. मग लाईट गेली तरी शाळेच्या पत्र्याचा निर्णय त्याच रात्री होईल.